प्रौढांच्या वर्गासाठी साहित्य कसं निवडायचं आणि आपल्या माणसांप्रमाणे कसं बदलायचं

उल्लासमध्ये स्वयंसेवक म्हणून नाव दिलंत, ॲपवर नोंदणी झाली, गावातले सात-आठ जण यायला तयार झाले, शाळेतून प्रवेशिका, म्हणजे शिकवायचं पुस्तक, हातात मिळाली आणि आता प्रश्न पडलाय की पहिल्या दिवशी वर्गात नक्की काय घेऊन जायचं. हा लेख तुमच्यासाठी. ज्यांना माहीत नाही त्यांना थोडक्यात सांगते, उल्लास म्हणजे केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ असा त्याचा काळ, १५ वर्षं आणि त्यापुढच्या ज्यांना लिहिता वाचता येत नाही त्यांना स्वयंसेवकांनी शिकवायचं आणि शेवटी १५० मार्कांची परीक्षा, वाचन लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०. प्रवेशिका सगळ्यांना एकच मिळते, पण समोर साठीच्या आजी असतात, तिसरीत शाळा सुटलेली वीस वर्षांची सून असते, एका कानाने कमी ऐकू येणारे काका असतात, घरात मराठी न बोलणारं कुणीतरी असतं. मला एवढंच सांगायचंय की सगळ्यात भारी पुस्तक शोधत बसू नका, जे मिळालंय ते समोरच्या माणसाप्रमाणे बदलायला शिका. त्याला डिग्री लागत नाही, नीट बघायला आणि विचारायला लागतं.

१. पुस्तक उघडायच्या आधी माणसं बघा

पहिला आठवडा गप्पांचा ठेवा. फॉर्म भरून घेऊ नका, फॉर्म बघितला की निम्मी माणसं गप्प होतात. सहज बोलता बोलता काढून घ्यायच्या गोष्टी म्हणजे घरात कोणती भाषा बोलता, आधी कधी शाळेत गेला होतात का आणि का सुटली, दिवसात मोकळा वेळ कधी असतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाचता आलं तर पहिलं काय वाचायचंय. याची उत्तरं फार वेगवेगळी येतात. कुणाला एसटीची पाटी वाचायची असते, कुणाला नातवाचा मेसेज, कुणाला हरिपाठ, कुणाला बँकेत अंगठ्याऐवजी सही करायची असते. ही उत्तरं लिहून ठेवा, पुढचं सगळं साहित्य यातून निघणार आहे.

डोळ्यांचं मात्र मुद्दाम विचारा. चाळिशी उलटली की जवळचं धूसर दिसायला लागतं आणि ज्यांनी आयुष्यात कधी वाचलेलंच नाही त्यांना ते कळतही नाही, कारण शेतात लांबचं सगळं नीट दिसत असतं. "सुईत दोरा ओवता येतो का" किंवा "तांदूळ निवडताना खडा दिसतो का" असं विचारलं की लगेच समजतं. ज्यांना दिसत नाही त्यांना आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा एखाद्या नेत्र शिबिरात घेऊन जा आणि जवळचा चष्मा मिळवून द्या. मी हे सगळ्यात वर लिहितेय कारण "यांच्या डोक्यात शिरत नाही" असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं त्यातल्या बऱ्याच जणांना समोरचं अक्षर दिसतच नसतं.

कानांचं बघायला त्यांच्या मागे उभं राहून नेहमीच्या आवाजात हाक मारा. हातांचं बघायला पेन कसा धरतात ते बघा, संधिवात असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, जुन्या कुष्ठरोगाने बोटं वाकली असतील. हे सगळं एकेकट्याशी बोलताना विचारायचं, चारचौघांत कधीच नाही.

२. पहिलं साहित्य त्यांच्याच घरातून आणायचं

लाईट बिल, रेशनकार्ड, बचत गटाचं पासबुक, औषधाची पट्टी, बियाण्याची पिशवी, रोजगार हमीचं जॉबकार्ड, लग्नपत्रिका, भिंतीवरचं कॅलेंडर. प्रत्येकाला एक कागद घरून आणायला सांगा. यात फायदा असा की कागदावर काय लिहिलंय याचा अंदाज त्यांना आधीच असतो. लाईट बिलावर आपलं नाव आहे, तारीख आहे, रक्कम आहे हे माहीत असतं, फक्त कुठे आहे ते शोधायचं असतं, आणि स्वतःचं नाव छापलेलं ओळखता आलं की माणूस दुसऱ्या दिवशी नक्की येतो.

पण एक काळजी घ्या. आधार नंबर, खाते नंबर, मोबाईल नंबर असलेला मूळ कागद वर्गात फिरवायचा नाही. झेरॉक्स काढायची, नंबर काळ्या पेनाने खोडायचे, आणि त्या खोडलेल्याची परत झेरॉक्स काढून तीच वापरायची कारण नुसतं खोडलेलं उजेडात धरलं की दिसतं. फोटो काढून ग्रुपवर टाकणं तर अजिबात नको.

३. मिळालेलं पुस्तक चाळताना काय बघायचं

प्रवेशिका असो, एखाद्या संस्थेची पुस्तिका असो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ, तीनचार पानं नीट बघा. चित्रातली माणसं मोठी आहेत का लहान मुलं आहेत? बाई फक्त चुलीजवळच दिसते का? दिव्यांग माणूस दाखवलाय तर तो काही काम करताना दाखवलाय का फक्त मदत घेताना? शेतमजूर, धुणीभांडी करणारी बाई, भंगार गोळा करणारा माणूस यांना कुणीतरी शहाणा उपदेश करतोय असा सूर आहे का? असा सूर मोठ्या माणसांना लगेच कळतो आणि टोचतो. ज्या बाईने तीन पोरं वाढवली, घर चालवलं तिला "स्वच्छता राखा" शिकवणारा धडा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

बालवाडीची गाणी, ससा-कासव, क कमळाचा हे तर नकोच. स्टोरीवीव्हरसारख्या साईटवर मराठीत भरपूर गोष्टी फुकट आहेत आणि लायसन्स मोकळं असल्यामुळे मूळ लेखक-चित्रकाराचं नाव ठेवून त्या बदलताही येतात, पण त्या मुळात मुलांसाठी आहेत. त्यातल्या माहितीच्या गोष्टी, म्हणजे पाणी, झाडं, शरीर, कामधंदे यावरच्या निवडा आणि वाक्यं मोठ्या माणसांच्या बोलण्यातली करा.

अजून एक बघायचं म्हणजे एका पानावर नवीन अक्षरं किती येतात. तीनचारपेक्षा जास्त असतील तर ते पान दोन दिवसांत वाटून टाका. आणि जोडाक्षरं लवकर येत असतील तर तेवढे शब्द बदला, "ग्रामपंचायत" सुरुवातीला फळ्यावरच्या पाटीसारखं आख्खं ओळखू दे, फोडून वाचायला नंतर.

४. अक्षरांचा क्रम

अ आ इ ई पासून सुरुवात करायची गरज नाही. थोडी अक्षरं घ्या ज्यातून लगेच कामाचे शब्द होतात. उदाहरणार्थ क, म, न, र आणि काना. एवढ्यातून काम, नाका, मका, कान, नाक, मान, कमान, रकाना इतके शब्द बनतात. शहरातल्या मजुराला "काम" आणि "नाका" हे दोन शब्द पहिल्याच दिवशी वाचता आले तर त्याला पुढचं शिकावंसं वाटतं, आणि "रकाना" तर प्रत्येक फॉर्म भरताना कुणीतरी बोलतंच. मग ल, स, ग, प, व, ण आणि वेलांटी जोडा, गाव, पगार, साल, पाणी असे शब्द यायला लागतात. तुमच्या गावात जे शब्द चालतात त्यांची यादी करून त्यातून तुम्हीच क्रम लावा, मासेमारीच्या गावात वेगळा निघेल, विड्या वळणाऱ्या बायकांच्या वस्तीत वेगळा. प्रवेशिकेतलं काही सोडायचं नाहीये, फक्त आपल्या शब्दांतून तिथपर्यंत पोहोचायचंय.

दिसायला सारखी अक्षरं एकाच दिवशी शिकवू नका. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, यांच्यात काही दिवसांचं अंतर ठेवा.

५. छापताना

इथे थोडं जास्त लिहिते कारण सगळ्यात स्वस्तात सगळ्यात मोठा फरक इथे पडतो. अक्षर कमीत कमी १८ पॉइंट, वयस्कर माणसांसाठी २४. ओळींमध्ये दीडपट अंतर, कारण मराठीत वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, ओळी चिकटल्या की वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांत घुसतात. तिरपी अक्षरं नको, चित्रावर छापलेली अक्षरं नको. कागद पांढराशुभ्र चकचकीत नको, साधा किंवा फिकट पिवळसर चालतो. लॅमिनेशन केलं तर टिकतं खरं पण ट्यूबलाईट त्यावर चमकते आणि मोतीबिंदूवाल्यांना काहीच दिसत नाही, त्यामुळे लॅमिनेशन भिंतीवरच्या तक्त्याला करा आणि तोही बल्बच्या समोर लावू नका.

फॉन्ट साधा घ्या. मुक्ता फुकट मिळतो, स्पष्ट आहे, मोबाईलवरही चांगला दिसतो. छापायच्या आधी ल आणि श मराठी वळणाचे येतायत ना ते बघा, म्हणजे पाकळीचा ल आणि देठाचा श, कारण तुम्ही फळ्यावर एक लिहिणार आणि कागदावर हिंदी वळणाचं दुसरंच दिसणार, नवीन शिकणाऱ्याला ती दोन वेगळी अक्षरं वाटतात.

आणि युनिकोड, म्हणजे कुठल्याही मोबाईलवर किंवा कॉम्प्युटरवर मराठी मराठीच दिसेल अशी टाइप करायची पद्धत. जुनं बरंच मराठी साहित्य कृतीदेव, श्रीलिपी अशा फॉन्टमध्ये टाइप केलेलं आहे. ते कागदावर ठीक दिसतं पण मोबाईल किंवा कॉम्प्युटर ते वाचून दाखवू शकत नाही. तपासायचं कसं तर पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून व्हॉट्सॲपमध्ये पेस्ट करा, मराठी दिसलं तर बहुतेक युनिकोड आहे, इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर नाही. मग कन्व्हर्टर वापरून बदला, तरी जोडाक्षरं आणि रफार हाताने तपासावे लागतात, किंवा लहान धडा असेल तर सरळ नवीन टाइप करा, तेच लवकर होतं.

६. दिसत नसेल, ऐकू येत नसेल, हात चालत नसेल तर

अजिबात न दिसणाऱ्या माणसाला "तुम्ही नुसतं ऐका" म्हणून बसवून ठेवायचं नाही. मराठीसाठी भारती ब्रेल आहे, सहा ठिपक्यांचं, पण उतारवयात दृष्टी गेलेल्यांना बोटांनी ठिपके ओळखायला वेळ लागतो, त्यामुळे त्यांना काय हवंय ते विचारा. बऱ्याच जणांना मोबाईल हवा असतो. अँड्रॉइडमध्ये स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं टॉकबॅक असतं आणि ते मराठी बोलतं, कॉम्प्युटरवर तेच काम करणारं एनव्हीडीए फुकट आहे. संख्याज्ञानाचा धडा नोटांवर घ्या. नव्या नोटांच्या कडेला उठावाच्या तिरक्या रेषा आहेत, शंभरला चार, पाचशेला पाच, आणि नोटांची लांबीही वेगवेगळी आहे. वापरून मऊ झालेल्या नोटेवर उठाव लागत नाही म्हणून सरावाला कोऱ्या नोटा घ्या. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये मणी नावाचं ॲप काढलं, त्यात कॅमेऱ्यासमोर नोट धरली की किती रुपयांची ते ऐकू येतं. ज्यांनी लहानपणी अक्षरं बघितली होती त्यांच्यासाठी पुठ्ठ्यावर गमने जाड दोरा चिकटवून अक्षर करा, सही शिकवायला हे फार उपयोगी पडतं.

ऐकू न येणाऱ्या माणसाबाबत एक गोष्ट नीट समजून घ्या. आपली शिकवण्याची पद्धत आवाजावर उभी असते, "क ला काना का". जन्मापासून ऐकू न येणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. त्यांच्यासाठी चित्र किंवा वस्तू, तिची खूण आणि लिहिलेला शब्द असं एकत्र दाखवायचं, आणि शब्द आख्खा शिकवायचा. भारतीय सांकेतिक भाषेचा शब्दकोश दिल्लीच्या सरकारी केंद्राने केलाय, दहा हजार शब्दांचे व्हिडिओ आहेत, पण आधी ती व्यक्ती घरच्यांशी कोणत्या खुणांनी बोलते ते शिकून घ्या कारण खेड्यात बऱ्याच जणांना भारतीय सांकेतिक भाषा येत नसते. व्हिडिओ दाखवायचा तर खाली मराठी ओळी हव्यात. आणि फळ्याकडे तोंड करून बोलू नका, थोडंफार ओठ वाचणाऱ्याला तुमचा चेहरा दिसला पाहिजे.

हातांसाठी खर्च काहीच नाही. पेनावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा किंवा कापडाची पट्टी गुंडाळून जाड करा. वही घसरू नये म्हणून खाली ओलसर फडका किंवा रबरी मॅट. लिहिणं खरंच होत नसेल तर अक्षरांची कार्डं लावून शब्द बनवू दे.

समजायला वेळ लागणाऱ्या माणसासाठी धडा सोपा करताना लहान मुलांचा करू नका. विषय तोच ठेवा, एका पानावर एकच काम ठेवा, तेच चित्र तेच शब्द रोज त्याच जागी येऊ दे.

७. भाषा

मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू, गडचिरोलीत गोंडी आणि माडिया, नंदुरबारात पावरी आणि भिली, पालघरात वारली. कोरकू आणि गोंडी या मराठीच्या बोली नाहीत, वेगळ्या कुळातल्या भाषा आहेत, म्हणजे त्या ताईला "वाचता येत नाही" यापेक्षा "जे वाचतेय ते कळत नाही" ही अडचण मोठी असू शकते. अशा वेळी पहिले शब्द त्यांच्या भाषेतले घ्या, देवनागरीतच लिहा, अक्षर ओळखता आलं की मग शेजारी मराठी शब्द लिहा. ते शब्द तुम्ही स्वतः बनवू नका, वर्गातल्या माणसांनाच विचारा आणि त्यांच्यापैकी दोघातिघांना वेगवेगळं विचारून खात्री करा. अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी वर्गातसुद्धा वाचनाचे पहिले उतारे त्यांनी बोललेल्या वाक्यांचेच करा. ते बोलतील, तुम्ही तसंच लिहा, सुधारू नका, आणि तोच उतारा दुसऱ्या दिवशी वाचायला द्या. माझ्या मते प्रौढांच्या वर्गात यापेक्षा चांगलं वाचनाचं साहित्य दुसरं कुठलं नाही.

८. आकडे

मोठ्या माणसांना हिशोब येतो, लिहिता येत नाही एवढंच. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे त्यांच्या तोंडात असतं, पावकी-दीडकी म्हणजे पाव-दीडचे पाढे पाठ असलेले आजोबा अजून भेटतात. तेच वापरा. दुधाचा, मजुरीचा, बचत गटाच्या व्याजाचा हिशोब आधी तोंडी करू दे, मग त्यांनी जसा केला तसा कागदावर मांडा.

अडचण येते ती लिहिताना. पंचवीस म्हणताना पाच आधी येतो म्हणून ५२ लिहिलं जातं, एकोणतीस ऐकलं की तीसच्या घरात जातात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात "वीस एक" अशा वाचनाचा पर्याय आला तेव्हा त्यावर बराच वाद झाला होता. मुलांचं काय करायचं ते शिक्षक बघतील, पण बाजारात रोज पंचवीस म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं आपण बदलायला जाऊ नये. त्याऐवजी दहाच्या दोन नोटा डावीकडे आणि रुपयाची पाच नाणी उजवीकडे ठेवा, बोला पंचवीस, लिहा आधी डावीकडचं. रोज थोडं.

बिलावर, मोबाईलवर, औषधाच्या पट्टीवर आकडे इंग्रजी असतात, त्यामुळे दोन्ही शिकवावे लागतात. शून्य, दोन, तीन दिसायला जवळजवळ सारखेच आहेत, तिथून सुरू करा. मराठी चार आणि इंग्रजी आठ यांची गल्लत होते, ती जोडी मुद्दाम वेगवेगळ्या दिवशी घ्या.

९. वेळ आणि जागा हेही साहित्यातच धरा

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात २०१६ च्या महिला दिनाला आजीबाईंची शाळा सुरू झाली, तिचा वर्ग दुपारी भरतो, कारण तेव्हा घरातली कामं आटपलेली असतात. तुमच्याकडे कदाचित रात्री आठनंतर जमेल, कदाचित रोजगार हमीच्या कामावर जेवणाच्या सुट्टीत. जागेला पायऱ्या असतील तर गुडघेदुखीवाल्या आजी येणार नाहीत, खाली बसायची सक्ती असेल तरी येणार नाहीत, दोन खुर्च्या मागून आणा.

बीडकडून ऊसतोडीला जाणारी माणसं दिवाळीच्या आसपास निघतात ती पार मार्च-एप्रिलला परततात. त्यांना जाड पुस्तक देऊन उपयोग नाही, ते कोपीत, म्हणजे त्यांच्या झोपडीत, भिजतं, हरवतं. एका कागदावर एक धडा, दोन्ही बाजूंनी छापलेला, आणि प्रत्येक धडा आधीचा चुकला तरी समजेल असा करा. विषय त्यांचेच घ्या, उचल (आगाऊ पैसे) किती घेतली, आज किती टन तोडला, मुकादमाच्या वहीत किती लिहिला. त्याच कागदावर खाली रोजचा टन लिहायला रिकामे रकाने ठेवा, म्हणजे सरावही होतो आणि त्यांच्याकडे स्वतःची नोंद राहते. धडा वाचून दाखवलेला आवाज मोबाईलवर पाठवून ठेवा, दोनतीन मिनिटांपेक्षा मोठा नको.

१०. आधी दोघांबरोबर करून बघा

नवीन कागद केला की पन्नास झेरॉक्स काढू नका. ज्यांना सगळ्यात जास्त अडचण येते अशा दोघांना द्या, शेजारी बसा, काही सांगू नका, बोट कुठे थांबतं ते बघा. जिथे दोघांचं बोट थांबलं ती जागा बदला. एका वेळी एकच गोष्ट बदला, अक्षर मोठं केलं आणि शब्दही बदलले तर कशाने फरक पडला ते कळणार नाही. "समजलं का" असं विचारू नका, आपल्याकडे मान राखायला सगळे हो म्हणतात, त्याऐवजी "यातलं तुमचं नाव दाखवा", "यातली रक्कम सांगा" असं काम द्या.

मूळ फाईल तशीच ठेवा, बदललेल्या फाईलला वेगळं नाव द्या, त्यात कुणासाठी बदलली ते लिहा, उदाहरणार्थ "लाईट बिल मोठं अक्षर", "नोटा कोरकू". माणसाचं नाव किंवा आजार फाईलच्या नावात घालायचा नाही. दुसऱ्याचं साहित्य वापरलं असेल तर लायसन्स बघा. दिव्यांग व्यक्तीला वाचता यावं म्हणून साहित्याचं रूप बदलायला आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून सूट आहे, पण तेच सगळ्यांना छापून वाटायचं असेल तर परवानगी घ्या.

परीक्षेच्या महिनाभर आधी जुना पेपर मिळवा आणि त्याच पद्धतीचे प्रश्न आपल्या शब्दांत करून सराव घ्या, चौकटीत लिहिणं, जोड्या लावणं हे प्रकार आधी बघितलेले नसतील तर येत असलेलंही चुकतं. ज्यांना मोठ्या अक्षरातला पेपर, लेखनिक किंवा जास्त वेळ लागणार आहे त्यांची नावं केंद्र असलेल्या शाळेत आधीच जाऊन सांगा, मुख्याध्यापकांना लेखी द्या आणि त्याची पोच घ्या. चष्मा, पट्टी गुंडाळलेला पेन आणि पाण्याची बाटली आदल्या रात्रीच एका पिशवीत भरून ठेवायला सांगा.